हवालदार क्लार्कचे दोन शब्द

आमच्या गावात फौजेत गेलेले मोजण्यापेक्षा न गेलेले मोजणं सोपं आहे. मी त्या दुसऱ्या यादीतला. भरतीच्या वेळी छाती एका इंचाने कमी भरली आणि मी एसटीत कंडक्टर झालो. शेजारचा आकाराम माझ्याच वर्गातला, माझ्याहून काटकुळा, पण त्याचं इंग्रजी आणि अक्षर असं की फौजेने त्याला क्लार्क म्हणून उचलला. चोवीस वर्षं त्याने पलटणीच्या ऑफिसात टाइपरायटर बडवला आणि हवालदार होऊन घरी आला. तेव्हापासून रहिमतपूरच्या आसपासच्या गावांचे फौजी अर्ज त्याच्या पडवीत लिहिले जातात. लोक त्याला क्लार्कसाहेब म्हणतात. मी आक्या म्हणतो, आणि त्याला ते आवडत नाही हे मला चांगलं ठाऊक आहे.

या माणसाला शब्दांचं भारी वेड. एखादा पोरगा रजा संपूनही घरी बसून राहिला की गाव म्हणतं, पळून आलाय. आकारामला ते खपायचं नाही. पारावर, लग्नात, एकदा तर मयतीच्या घरीसुद्धा त्याने लोकांना थांबवून हे सांगितलेलं मी ऐकलं आहे.

"ॲबसेंट येगळं आन डेझर्टर येगळं. ॲबसेंट म्हंजी हजेरीला न्हाई. डेझर्टर म्हंजी परत जायाचंच न्हाई असं ठरवून बसलेला. दोगंबी घरातच बसल्यात, दोगंबी भाकरीच खात्यात. फरक डोस्क्यात असतोय. आन डोस्कं उगडून बगता येत न्हाई, म्हनून फौज सामान बगती. वर्दी आन बूट इकून टाकलं तर डेझर्टर. घडी घालून जपलं तर ॲबसेंट."

माणूस तीस दिवस गैरहजर राहिला की पलटणीत चौकशी बसते, आणि तिच्यापुढच्या कागदांवरून त्याच्या नावासमोर शब्द पडतो. पहिला शब्द पडला तर काही दिवसांची सजा भोगून माणूस पुन्हा रांगेत उभा राहतो. दुसरा पडला तर नोकरी जाते, तुरुंगही होतो, आणि आमच्यासारख्या गावात ते घर नजरेतून उतरतं ते कायमचं.

हे त्याला कसं ठाऊक, तेही सांगतो. नोकरीत असताना त्याच्या पलटणीत कुंडलचा नाथाजी म्हणून एक जवान होता. तो रजेवरून परतला नाही. तिसाव्या दिवशी आकारामने कागद टाइप केला, साहेबाची सही घेतली आणि त्याच संध्याकाळी पुढे धाडला. एकतिसाव्या दिवशी सकाळी नाथाजी इस्त्रीची वर्दी घालून गेटवर उभा होता. कागद तर निघून गेला होता, नाथाजीच्या नावासमोर दुसरा शब्द घेऊन. आकारामने वेळेत काम केलं म्हणून त्याला शाबासकी मिळाली. तेव्हापासून तो सांगलीला जायचं तर इस्लामपूरवरून जातो. कुंडलवरून जाणाऱ्या गाडीत मी त्याला कधी पाहिला नाही, आणि त्या गाड्यांत तिकिटं तर मीच फाडत होतो.

आता शिवतेजचं. शिवतेज हा आकारामचा एकुलता एक, वय पंचवीस, फौजेत ड्रायव्हर. त्याची पलटण सध्या बेळगावला. या खेपेला महिन्याच्या रजेवर आला तो गप्पच. त्याच्या आईने, विजयमालावहिनींनी, केलेल्या पुरणपोळ्या त्याने दोन घासांत बाजूला सारल्या. शेवटच्या दिवशी आमच्या रिवाजाप्रमाणे आईने हातावर दही घातलं. ट्रंक शेजारच्याने न्यायची असते, ती मी नेली. निघालेल्याने मागे वळून बघायचं नसतं. रहिमतपूरच्या स्टेशनावर त्याने गाडीत पाय ठेवला आणि वळून माझ्याकडे पाहिलं. मला ते खटकलं होतं, पण असल्या गोष्टी बोलून दाखवायच्या नसतात म्हणून मी गप्प बसलो.

तो बेळगावला पोचलाच नाही. फोन बंद. अकराव्या दिवशी पलटणीचं पत्र आलं, की तुमचा मुलगा हजर झालेला नाही, ठावठिकाणा कळवा, समजूत घालून पाठवा. आकारामने ते उभ्यानेच वाचलं. मग टाइपरायटरवरचं फडकं काढलं आणि खाडखाड उत्तर बडवलं. माझं इंग्रजी बेताचं, पण तो एक शब्द मी पडवीत इतक्यांदा ऐकला होता की कागद घडी होतानाही मला दिसला.

"आक्या, त्याचं सामान कुटं बगितलंयस तू?" असं मी विचारायला हवं होतं. त्याच्या कपाळावरची शीर पाहून मी घाबरलो. मुकाट्याने पाकीट घेतलं, रहिमतपूरला जाऊन स्पीड पोस्टाने टाकलं आणि पावती आणून त्याच्या हातात दिली. म्हणजे या पापात माझाही वाटा आहे, तो मी नाकारत नाही.

गावभर दोन शब्दांतला फरक शिकवत हिंडलेल्या माणसाने स्वतःच्या पोराच्या नावासमोर, न बघता, न विचारता, रागाच्या भरात चुकीचा शब्द लिहिला होता. आणि सही करून. बापानेच लिहून दिल्यावर चौकशीला दुसरा पुरावा कशाला लागतो?

राग उतरायला त्याला आठवडा लागला. मग तो झोपेना. पडवीतल्या कॅलेंडरवर तो रोज एक बारीक टिंब देई. अठरा, एकोणीस, वीस. आम्ही नातेवाईक धुंडाळले, त्याच्या मित्रांना फोन केले. कुणालाच काही माहीत नव्हतं. पंचविसाव्या दिवशी वहिनींना पत्राचं कळलं, माझ्याच तोंडून. त्यांनी आरडाओरडा केला नाही. टाइपरायटर उचलला, आत नेला आणि धान्याच्या कणगीमागे ठेवून दिला.

एकोणतिसाव्या दिवशी सकाळी साडेदहाला आकारामचा फोन वाजला. बाईचा आवाज होता. "शिवतेजचं वडील का? मी माधवनगरची बाळाबाई. तुमचा ल्योक माज्याकडं हाय. येऊन न्या."

मी पायात चपला घातल्या. विजयमालावहिनी दारात आल्या. "आवं, पोराला घेऊन या. शबूद काय लिवायचा त्यो मागनं लिवत बसा," एवढंच म्हणाल्या.

कऱ्हाडला पोचलो तर इस्लामपूरवरून जाणारी गाडी नुकतीच सुटली होती. पुढची सांगली गाडी कुंडल-पलूसवरून जाणारी. मी आकारामकडे पाहिलं. तो चढला. कुंडलच्या स्टँडवर गाडी पाच मिनिटं थांबली, तेवढी पाच मिनिटं त्याने मान वर केली नाही. गाडी हलल्यावर म्हणाला, "एक दिस कागद दाबला असता तर माजं काय जात हुतं रं, मानसिंग?" मी खिडकीची काच सरकवायला लागलो, ती अडकली होती.

वाटेत त्याने मला एक गोष्ट सांगितली, ती आजवर घरातही बोलला नव्हता. गेल्या हिवाळ्यात, वाळवंटात सराव चालू असताना, शिवतेज ट्रक मागे घेत होता. मागे उभा राहून हाताने खुणा करणारा जवान ट्रक आणि भिंतीच्या मधे सापडला आणि जागीच गेला. चौकशीत शिवतेजचा दोष नाही असं ठरलं. गेलेल्या पोराचं नाव मिलिंद. सांगलीकडचा. दोघं एकाच खोलीत राहायचे.

"सांगलीकडचा कुठला?" मी विचारलं.

"माधवनगरचा," आकाराम म्हणाला. बाईचा फोन आल्यापासून त्याला हे कळलं होतं आणि त्याने ते तीन तास पोटात ठेवलं होतं.

माधवनगरला गिरण्यांच्या काळातल्या दोन खोल्यांच्या चाळी अजून उभ्या आहेत. बाळाबाईंचं घर कोपऱ्यावरचं. बाई साठीच्या, शाळेत सेविका होत्या, आता निवृत्त. भिंतीवर बुद्धाची आणि बाबासाहेबांची तसबीर, आणि खाली वर्दीतल्या मिलिंदचा फोटो. त्यांनी आम्हाला पाणी दिलं आणि समोर बसल्या. शिवतेज घरी नव्हता. जवळच्या लूमच्या शेडमध्ये कापडाचे गठ्ठे टेम्पोत चढवायच्या कामाला जात होता.

"उतरला आन सरळ हितंच आला," त्या सांगू लागल्या. "म्हनला, मी मिलिंदचा मित्र. एवढंच. जेवला, झोपला, सकाळी माजं पानी भरलं, पत्र्याचं भोक बुजवलं. मी इच्यारलं, रजा कवापतूर हाय? म्हनला, जातो उद्या. आज एकुनतीस दिस झालं त्येचा उद्या चाललाय."

"त्यानं काय सांगितलं न्हाई तुमास्नी?" आकारामने विचारलं.

"त्येनं न्हाई सांगितलं. मला पयल्याच दिशी कळलं. माज्या पोराच्या फोटूफुडं हुभा ऱ्हायला आन त्येला खाली बसवंना. टेम्पो मागं घ्याय लागला की ह्यो रस्ता सोडून पार पल्याड जाऊन हुभा ऱ्हातोय. मला कुनी सांगाय पायजे व्हय?" त्यांनी मिलिंदच्या फोटोकडे पाहिलं. "मला त्येचा राग आला हुता. लय आला हुता. चार दिस मी त्येला भाकरी वाडली ती तोंड फिरवून. मग गेला राग. पर माज्या घरात त्येनं लपून बसावं, ह्ये मला पटंना. काल त्येच्या रजेच्या कागदावर तुमचा नंबर गावला."

कोपऱ्यात त्याची काळी ट्रंक होती. मीच उचलून नेलेली, पांढऱ्या रंगात नाव घातलेली. आकारामची नजर आल्यापासून तिच्यावरच होती. मलाही कळत होतं तो काय शोधतोय. ट्रंकेला कुलूप होतं.

"चावी त्येच्या गळ्यात असती," बाळाबाई म्हणाल्या.

आकाराम उठला, ट्रंकेजवळ उकिडवा बसला आणि त्याने तिची उजवी कड बोटभर उचलली. मग डावी. मग पुन्हा उजवी. फौजी ट्रंकेत बूट उजव्या कोपऱ्यात ठेवतात, ती बाजू जड लागायला हवी.

"बूट न्हाईत," तो म्हणाला.

बूट विकले असतील तर वर्दीही गेली असणार, आणि वर्दी गेली असेल तर आकारामने रागात लिहिलेला शब्द खरा ठरत होता. उद्या तिसावा दिवस. तो तिथेच जमिनीवर बसून राहिला. खिशात त्याने नवीन पत्र लिहून आणलं होतं, आधीचा शब्द मागे घेणारं. ते त्याने बाहेर काढलं आणि दोन्ही हातांनी धरून बसला. खोटं पत्र तो देणार नव्हता. पोराला वाचवायलाही देणार नव्हता, हे मी त्याच्या चेहऱ्यावर वाचलं आणि त्या क्षणी मला त्याचा अतोनात संताप आला.

"बूट व्हय?" बाळाबाई उठल्या. फळीवरून वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी त्यांनी खाली काढलं आणि आकारामच्या पुढ्यात सोडलं. आत बूट होते. पॉलिश केलेले, टाचा घासलेल्या. "टरंकेत ठेवत न्हाई त्यो. रोज लागत्यात त्येला. रोज पाटं उटतोय, बूट पुसतोय, घालतोय आन त्या कोपऱ्यापतूर जातोय. थितं हुभा ऱ्हातोय. मग माघारी येऊन काडून ठिवतोय. एक दिस चुकला न्हाई."

आकारामने एक बूट उचलला आणि तळ बघितला. तळाला माधवनगरची तांबूस माती होती. तो बूट मांडीवर घेऊन रडला. मी त्याला शाळेत असल्यापासून ओळखतो, त्याच्या बापाच्या मयतीलाही तो रडला नव्हता.

पाचच्या सुमारास शिवतेज आला. केसांत कापसाची पिंज. आम्हाला बघून दारातच थिजला. बापाच्या मांडीवर बूट पाहून त्याने मान खाली घातली.

आकारामने डोळे पुसले आणि सरळ विचारलं, पडवीत लोकांना विचारतो तसं. "परत जायाचं हुतं का तुला?"

"म्हाईत न्हाई, आबा."

"नीट सांग."

"सकाळी जायाचं असायचं. कोपऱ्यावर गेलं की टेम्पोचा आवाज यायचा. मग न्हाई व्हायचं. मावशीला सांगायला आलतो. त्ये सांगून हुईना, मग जाऊनबी हुईना." त्याने बाळाबाईंकडे पाहिलं, पहिल्यांदाच नीट. "मावशी, गाडी माज्याकडं हुती."

"ठाव हाय मला," त्या म्हणाल्या. "बस खाली."

तो बसला. मग आकारामने त्याला आपलं पहिलं पत्र सांगितलं, काय लिहिलं तेही, कुठला शब्द तेही. मला वाटलं होतं तो गोलगोल बोलेल. त्याने काहीही लपवलं नाही.

शिवतेज उठून उभा राहिला. "म्हंजी माजं नाव गेलंच. मग आता जाऊन काय करू? तुमीच लिवलंय की."

"म्या न बगता लिवलं," आकाराम म्हणाला.

"आन मी गेलो तर काय म्हनत्याल? बापानं धरून आनला." तो दाराकडे वळला. मी उठून आडवा होणार एवढ्यात बाळाबाई बोलल्या. आवाज चढवला नाही त्यांनी.

"शिवतेज, माजं पोरगं आता कुनी कायबी लिवलं तरी येत न्हाई. तुजं येनं-जानं अजून तुज्या हातात हाय. माज्या दारातनं जायाचं असंल तर बूट घालून जा. न्हाईतर हितंच ऱ्हा, पर मग माज्या मिलिंदचं नाव सांगून ऱ्हाऊ नगंस."

तो दारातच उभा राहिला. मग आत आला, आकारामच्या मांडीवरचा बूट घेतला आणि चिंधी शोधू लागला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मिरज स्टेशन. शिवतेज वर्दीत, ट्रंक माझ्या हातात. रिवाज आहे, मीच घेणार. तिकिटाच्या खिडकीशी मी खिशात हात घातला तेव्हा आकाराम म्हणाला, "एकच काड."

मला वाटलं माझ्या ऐकण्यात चूक झाली. "आक्या, त्यो एकदा मदीच उतरलाय. बेळगावपतूर दहा स्टेशनं हायती. सोबत कोन तरी पायजे."

"सोबत गेलो तर त्यो आनलेला व्हतोय. फौजेच्या वहीत दोन रकाने असत्यात रं, धरून आनलेला आन सोता आलेला. म्या चोवीस वर्सं ते भरल्यात. त्यो कुनी आनलेला व्हायला नको."

"आन उतरला तर?"

नवीन पत्र आकारामने शिवतेजच्या खिशात घातलं आणि खिशाचं बटण लावलं. रात्री ट्रंक उघडून बघितल्यावर त्याने ते नव्याने लिहून काढलं होतं आणि मला वाचून दाखवलं होतं: मागचा शब्द मी रागाने लिहिला, माझ्याजवळ त्याला काही आधार नव्हता, मुलाचं सगळं सामान मी स्वतः पाहिलं आहे, बूटसुद्धा. बूट त्याने अधोरेखित केले होते.

बाळाबाई आल्या होत्या. त्यांनी वाटीतून दही आणलं होतं. शिवतेज त्यांच्या पाया पडला. "येतो, मावशी," म्हणाला. गाडीत चढला आणि या खेपेला त्याने मागे बघितलं नाही.

मग आमचं वाट बघणं सुरू झालं. गाडी दुपारी एकच्या सुमाराला पोचायची. आम्ही माधवनगरला परत आलो. बाळाबाईंनी स्वयंपाक केला, कुणी नीट जेवलं नाही. एक वाजला. दीड वाजला. मी मनातल्या मनात एकेक स्टेशन मोजत होतो, प्रत्येक स्टेशनावर त्याला उतरवत होतो आणि पुन्हा चढवत होतो. वहिनींचे घरून तीन फोन आले. आकाराम दरवेळी सांगे, "अजून न्हाई." दोन वाजले तेव्हा तो ट्रंक जिथे होती त्या कोपऱ्यात जाऊन बसला. आपण किती मोठा डाव लावला हे त्याला तेव्हा उमगलं असावं. मी तोंडात येणारं सगळं गिळत बसलो होतो, कारण बोललो असतो तर शिव्याच दिल्या असत्या.

अडीच वाजता फोन वाजला. नंबर अनोळखी. आकारामने तो मांडीवर ठेवला आणि स्पीकर लावला.

"हवालदार आकाराम साहब? आपका लड़का गेट पर है। कौन लेकर आया इसको? आप साथ हैं?"

"नहीं साब. मैं सांगली में हूं."

"तो कौन लाया?"

आकाराम उठून उभा राहिला. पाठ ताठ, बेचाळीस इंच छाती असल्यासारखा. "कोई नहीं लाया, साब. आया है."

पलीकडे कागदाची सळसळ ऐकू आली. "पहले आपने ही डेज़र्टर लिखकर भेजा था।"

"गलत लिखा था. नई चिट्ठी उसके जेब में है. मेरी सही है उसपे. पूछना है तो मुझे बुलाओ, मैं कल आता हूं."

"ठीक है," पलीकडचा म्हणाला आणि फोन ठेवला.

पुढे शिवतेजला अठ्ठावीस दिवसांची सजा झाली. सजा संपल्यावर त्याला गाडीऐवजी स्टोअरमध्ये काम दिलं. आता दर रजेत तो आधी माधवनगरला उतरतो आणि मग गावाला येतो, यावर वहिनींची कुरकुर असते. पण हे सगळं नंतरचं.

त्या दुपारी फोन ठेवल्यावर आकाराम तसाच उभा होता. बाळाबाई आतून चहा घेऊन आल्या. त्यांना हिंदी नीट समजलं नव्हतं.

"काय म्हनलं, दादा? काय लिवलं त्येच्या नावाफुडं?"

आकारामने कप घेतला. त्याचे ते दोन्ही शब्द त्या दिवशी त्याच्या तोंडून निघाले नाहीत.

"हजर," तो म्हणाला.